चेहरा नसलेल्या फिल्मचं पोस्टर

विद्यार्थ्यांनी केलेल्या फिल्मकडे पैसा नसतो, शूटिंगला पुरेसे दिवस नसतात आणि ओळखीचा चेहराही नसतो. पहिल्या दोन गोष्टींवर फिल्मशाळेच्या कँटीनमध्ये रोज चर्चा झडते. तिसरीबद्दल सहसा कुणी बोलत नाही, कारण तिचा त्रास अगदी शेवटी सुरू होतो. एडिट लॉक झालेलं असतं, साउंड मिक्स झालेला असतो, महोत्सवाचा अर्ज भरायला घेतलेला असतो आणि अर्जात एक रकाना निघतो : पोस्टर. मग कुणीतरी रात्री बसून फिल्ममधली एक फ्रेम उचलतं, ती काळपट करतं, नायकाच्या अर्ध्या चेहऱ्यावर सावली पाडतं आणि वर लाल अक्षरांत नाव टाकतं. विषय फारच गंभीर असेल तर सोबत कावळा, कवटी, फुटका आरसा, रक्ताळलेला पंजा किंवा रिकामा झोपाळा यांपैकी काहीतरी येतं.

अशी पोस्टरं कुरूप नसतात. सॉफ्टवेअर आता सगळ्यांनाच वापरता येतं. अडचण एवढीच की अशी दहा पोस्टरं शेजारी शेजारी लावून त्यांवरची नावं आपापसांत बदलली, तर त्या दहा दिग्दर्शकांखेरीज कुणाच्या ते लक्षात येणार नाही. तो कावळा त्या फिल्ममधून आलेला नसतो. ‘गंभीर फिल्म’ नावाचं एक सामायिक कोठार आहे, तिथून तो उसना आणलेला असतो.

आणि अर्धा काळा चेहरा? चेहरा पोस्टरवर काम करतो तो ओळखीच्या बळावर. आपल्याकडे पोस्टर या कलेचं बालपण चित्रकारांच्या हाती गेलं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने काढलेल्या ‘कल्याण खजिना’चं (१९२४) पोस्टर आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय सिनेपोस्टरांत गणलं जातं. पुढे नट-नट्यांची लोकप्रियता वाढली तसा पोस्टरवरचा चेहराही वाढत गेला. सत्तरच्या दशकात दिवाकर करकरे यांच्यासारख्या कलावंतांनी रंगवलेले चेहरे रस्त्याच्या पलीकडून ओळखू येत, आणि चेहरा ओळखला की पिक्चर कसा असेल याचा निम्मा अंदाज आलेला असे. तुमच्या फिल्ममधल्या नटाला मात्र त्याच्या गल्लीबाहेर कुणी ओळखत नाही. त्याचा चेहरा कितीही अंधारात ठेवला तरी पाहणाऱ्याला त्यातून काही मिळत नाही.

ही उणीव वाटते खरी, पण पोस्टरच्या इतिहासात थोडं मागे गेलं की चित्र उलटं दिसू लागतं. विसाव्या शतकातली कितीतरी धारदार पोस्टरं चेहरा बाजूला सारून झालेली आहेत. काही ठिकाणी चेहरा हाताशी होता, तरीही.

सिनात्रा असताना फक्त हात

१९५५ साली अमेरिकेत ऑटो प्रेमिंजरची ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ आली. नायक फ्रँक सिनात्रा, म्हणजे त्या काळातला पहिल्या रांगेतला गायक-नट. विषय हेरॉइनच्या व्यसनाचा. हॉलिवुडच्या आचारसंहितेला तो मुळीच चालण्यासारखा नव्हता आणि संहितेची मोहोर या चित्रपटाला मिळालीही नाही. पोस्टरचं काम सॉल बासकडे होतं. त्याने कागद कातरून केल्यासारखा एक काळा हात काढला : कोनाकोनांचा, वाकडा, वरून खाली उतरणारा, बोटं ताठरलेली. छापील पोस्टरवर नटांचे फोटोही आहेत, कारण व्यवहार कुणाला सुटला आहे? पण लोकांच्या लक्षात राहिला तो हातच. न्यूयॉर्कमध्ये तर थिएटरच्या दर्शनी भागावर नटाचं नावही न लिहिता नुसता हात लावला होता, असं सांगितलं जातं.

आता हा हात कुठून आला ते पाहू. नायक जुगाराच्या अड्ड्यावर पत्ते वाटतो. त्याच्या हातात जादू आहे म्हणून तो ‘सोन्याचा’. त्याला ड्रम वाजवायचे आहेत, तेही हातानेच. आणि सुई टोचली जाते ती त्याच हातात. कमाई, स्वप्न आणि नाश, तिन्ही एकाच अवयवात. बासने सुई काढली नाही, पत्ते काढले नाहीत, ड्रमही काढला नाही. हात वाकडा केला आणि बाकीचं पाहणाऱ्यावर सोडलं.

प्रतीक म्हणतात ते हे. चिन्ह आणि प्रतीक यांत नेहमी घोळ होतो. कवटी हे चिन्ह आहे. विजेच्या डीपीवर ती ‘धोका’ सांगते, विषाच्या बाटलीवरही तेच सांगते. ती कुठल्याही फिल्मच्या आधीपासून अर्थ घेऊन बसलेली असते. बासच्या हाताला मात्र त्या फिल्मबाहेर काही अर्थ नाही. फिल्म पाहण्याआधी तो नुसता अस्वस्थ करतो आणि पाहून झाल्यावर पटतो. दोन्ही वेळा तो काम करतो.

पोलंडची भिंत

प्रतीकात्मक सिनेपोस्टरचा विषय निघाला की पोलंडला वळसा घालून पुढे जाता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथला चित्रपट व्यवसाय सरकारच्या ताब्यात गेला. हेन्रिक तोमाशेव्स्की आणि त्याच्या सोबत्यांना सरकारी वितरण संस्थेसाठी पोस्टरं करण्याचं काम आलं, तेव्हा आपल्या पद्धतीने काम करू देणार असाल तरच, अशी त्यांची भूमिका होती. तिला मान्यता मिळाली. १९४८ मध्ये व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय पोस्टर प्रदर्शनात तोमाशेव्स्कीने पाच पहिली बक्षिसं घेतली. तो पुढे वॉर्सॉच्या कला अकादमीत अनेक वर्षं शिकवत राहिला आणि त्याच्या अवतीभोवती एक सबंध पिढी उभी राहिली. १९६८ मध्ये वॉर्सॉच्या विलानुव भागात नुसत्या पोस्टरांचं संग्रहालयही उघडलं.

या स्वातंत्र्याचं मूळ थोडं चमत्कारिक आहे. चित्रपट सरकारचे, थिएटरं सरकारची. पोस्टरने तिकीट विकलंच पाहिजे असा धाक नव्हता. नटाचा चेहरा अमुक इतका मोठा हवा, नाव अमुक जागी हवं, असं बजावणारा हॉलिवुडचा करार तिथपर्यंत पोहोचत नव्हता. सेन्सॉर होता, पण रूपकाच्या आड लपलेलं त्याला नेहमीच सापडत असे असं नाही. बाजार नसल्यामुळे कला फुलली असा निष्कर्ष काढून काही जण हळहळतात. मला ते फार पटत नाही; त्याच व्यवस्थेने लोकांची तोंडंही बंद केली होती. पण विद्यार्थ्याने त्यातून घ्यायचं ते सरळ आहे. तुमच्या डोक्यावरही वितरक नाही, नटाचा मॅनेजर नाही. पोलिश चित्रकाराला जी सूट व्यवस्थेने दिली, ती तुम्हाला गरिबीने दिली आहे.

त्या परंपरेतलं एकच पोस्टर नीट पाहायचं तर मी विक्टर गुर्काचं ‘कॅबरे’ (१९७३) निवडेन. चित्रपट नाझी सत्तेवर येण्याआधीच्या बर्लिनमधला. एकीकडे रंगमंचावर नाचगाणं, दुसरीकडे रस्त्यावर वाढत चाललेली हिंसा. गुर्काने गुडघ्यात वाकलेले, मोजे घातलेले नर्तकीचे चार पाय एकमेकांना जोडले आणि मधोमध मेकअप फासलेला चेहरा ठेवला. पाय पाहायला जावं तर नाझींचं स्वस्तिक दिसतं. ते ओळखलं की पायांकडे आधीच्या नजरेने पाहता येत नाही. चित्रपटातही नेमकं हेच होतं : माणसं नाच पाहत बसतात आणि आकार बदललेला असतो.

दोन गोष्टी एका आकारात बसवण्याची ही युक्ती चालते कशी? डेन्मार्कचा मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन याने १९१५ मध्ये एक आकृती प्रसिद्ध केली. तिच्यात कधी फुलदाणी दिसते, कधी समोरासमोरचे दोन चेहरे. डोळा एका वेळी एकच काहीतरी ‘वस्तू’ मानतो, उरलेल्याला ‘पार्श्वभूमी’ ठरवतो आणि दोन्ही एकदम धरता येत नसल्याने इकडून तिकडे उड्या मारत राहतो. या उड्या म्हणजेच पोस्टरसमोर घालवलेला जादा वेळ. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’च्या (१९९१) पोस्टरवर बाईच्या तोंडावर पतंग बसला आहे. त्याच्या पाठीवरची कवटी जवळून पाहिली की ती सात नग्न स्त्रियांच्या देहांची आहे हे कळतं. फिलिप हाल्समनने साल्वादोर दालीबरोबर १९५१ मध्ये केलेल्या छायाचित्रातून ती आली. त्या पोस्टरवर कवटी खपून जाते, कारण ती दुसऱ्या कशापासून तरी बनली आहे.

‘कॅबरे’बाबत एक गोष्ट आपल्याकडच्या वाचकाने लक्षात ठेवायला हवी. युरोपातल्या माणसाच्या अंगावर त्या आकृतीने काटा येतो. आपल्याकडे ती उंबऱ्यावर, वहीच्या पहिल्या पानावर, नव्या गाडीवर कुंकवाने काढतात. म्हणजे प्रतीक करताना ते कुठल्या भिंतीवर लागणार याचा विचार आधी हवा. पांढरी साडी, लिंबू-मिरची, उलटी ठेवलेली चप्पल यांचा आपल्या प्रेक्षकाला बसणारा धक्का जर्मनीतल्या ओबरहाउझनच्या लघुपट महोत्सवात बसेलच असं नाही. तिथे नुसतीच मिरची दिसेल.

कपाटाचा अभ्यास

आता प्रत्यक्ष काम करून पाहू. त्यासाठी एक खरी विद्यार्थी-फिल्म घेतो, जगातल्या गाजलेल्यांपैकी एक. पोलंडच्या वूच शहरात (नकाशावर जे आपण लॉड्झ असं वाचतो) १९४८ मध्ये फिल्मशाळा सुरू झाली. तिथे शिकत असताना रोमान पोलान्स्कीने १९५८ मध्ये ‘दोन माणसं आणि एक कपाट’ ही सुमारे पंधरा मिनिटांची फिल्म केली. संवाद जवळजवळ नाहीतच. संगीत क्शिश्तोफ कोमेदाचं.

समुद्रातून दोन माणसं आरसा लावलेलं मोठं लाकडी कपाट घेऊन बाहेर येतात आणि गावात शिरतात. ट्राममध्ये त्यांना घेत नाहीत, खानावळीत घेत नाहीत, हॉटेलात घेत नाहीत. गावात मात्र सगळं यथास्थित चालू आहे : कुणी कुणाचा खिसा कापतो, कुणी कुणाचा खून करतो, टवाळ पोरांचं टोळकं मांजराच्या पिल्लाला दगडांनी मारतं. याच टोळक्यातला एक जण मुलीच्या मागे लागतो तेव्हा तिला तो कपाटाच्या आरशात दिसतो आणि ती निसटते. मार बसतो कपाटवाल्यांना. शेवटी ते किनाऱ्यावर परततात. तिथे एका लहान मुलाने वाळूचे असंख्य ढीग घातले आहेत. त्यांतला एकही मोडू न देता, पाय जपून टाकत, दोघं कपाटासह समुद्रात निघून जातात.

समजा, याचं पोस्टर तुमच्याकडे आलं आहे. बहुतेकांना पहिल्यांदा सुचेल ते समुद्रातून वर येणारं कपाट. दृश्य विलक्षणच आहे, पण ते पोस्टरवर टाकलं की फिल्मचा सूर विनोदी वाटतो. शिवाय ते दृश्य जसंच्या तसं फिल्मच्या सुरुवातीला येणार आहे. पोस्टरने त्यात काही भर घातली नाही. दुसरं सुचेल मेलेलं पिल्लू. ते नक्कीच हादरवेल. पण ते वापरणं म्हणजे फिल्ममधला सर्वांत क्रूर क्षण दारातच खर्चून टाकणं, आणि ही फिल्म काही क्रूरपणाचं प्रदर्शन मांडत नाही. तो शेजारी चालू असताना सगळे कसे दुसरीकडे बघतात, ते ती दाखवते. तिसरं म्हणजे वाळूचे ढीग आणि त्यांमधून जाणारी पावलं. हे हळवं, सुंदर होईल. पण त्यातला काळोख निघून जाईल.

मग राहतो आरसा. ज्या गावाला कपाट नको आहे त्याला खरं तर आरसाच नको आहे, इतपत अर्थ फिल्म न बोलता देते. आता कागदाकडे पाहा. पोस्टर उभा आयत असतो. कपाटाचं दारही उभा आयत असतं. म्हणजे कपाट काढायची गरजच नाही. कागद हेच कपाट. चारी कडांना लाकडाची बारीक चौकट. डाव्या कडेवर चार बोटं, उजव्या कडेवर चार बोटं, बाहेरून घट्ट धरलेली. कागदामागे दोन माणसं आहेत हे पाहणाऱ्याला बोटांवरून कळेल. त्यांचे चेहरे दिसणार नाहीत. मधला आरसा सपाट राखाडी, तळाशी समुद्राची क्षितिजरेषा. आणि त्या आरशात आपल्याकडे तोंड करून उभी असलेली एक लहान काळी आकृती, हातात दगड.

आरशात कोण दिसतं? जो समोर उभा आहे तो. म्हणजे दगड पोस्टर पाहणाऱ्याच्या हातात आहे.

असं पोस्टर कुणी केलेलं आहे असं मी म्हणत नाही. हा सराव आहे. पण सरावातून पद्धत दिसते. फिल्मचा सारांश चित्रात बसवायला गेलं की पोस्टर गजबजतं. फिल्ममध्ये खरोखर असलेली एक वस्तू उचलायची, तिच्यावर फिल्ममधलं भय चढवायचं आणि कागद स्वतः त्यात काही करू शकतो का हे पाहायचं.

वस्तू कुठे शोधायची? आर्ट डिपार्टमेंटच्या वहीत. प्रत्येक फिल्मची प्रॉपर्टीची यादी असते आणि पोस्टर करणारा ती सहसा उघडून पाहत नाही. समजा, फिल्म एका घरात वर्षानुवर्षं दाबून ठेवलेल्या अत्याचाराची आहे. यादीत स्टीलचा डबा, दप्तर, टेबलफॅन, देवघरातली घंटा, दाराचा बोल्ट. घंटेचा मोह होईल, पण तिच्यात आधीच इतके अर्थ भरलेले आहेत की ती आपलंच बोलत बसेल. बोल्ट बघा. दोन फळ्यांचं बंद दार, मधली उभी फट, त्यावर उभा बोल्ट. किंचित आकार बदलला की फट ओठांची होते आणि बोल्ट ओठांवर ठेवलेलं बोट. गप्प बसवणं आणि कोंडून ठेवणं एकाच रेषेत आलं. मुलीचा रडवेला चेहरा टाकला असता तर पाहणाऱ्याने हळहळून मान फिरवली असती. बोल्टपाशी तो थांबेल.

चेहरा हवाच असेल तर तो असा वापरा की तोच प्रतीक होईल. सत्यजित राय मूळचे जाहिरात कंपनीतले चित्रकार. आपल्या अनेक चित्रपटांची पोस्टरं त्यांनी स्वतः केली. ‘देवी’मध्ये (१९६०) सासऱ्याला स्वप्न पडतं आणि कोवळ्या वयाच्या सुनेला कालीमातेचा अवतार ठरवून मखरात बसवलं जातं. पोस्टरवर शर्मिला टागोरचा चेहरा आहे, अर्धा उजेडात आणि अर्धा काळोखात. होय, मघाशी ज्याला नावं ठेवली तोच अर्धा काळा चेहरा. फरक असा की ती एकाच वेळी सून आणि देवी आहे. चेहऱ्याचे दोन भाग होणं हीच तिची गोष्ट आहे. तुमच्या फिल्ममध्ये असं कारण असेल तर खुशाल चेहरा दुभंगा.

काळा रंग

फिल्म अंधारी म्हणून पोस्टर काळं, हा नियम कुणी केला कोण जाणे. स्टॅन्ली क्यूब्रिकच्या ‘द शायनिंग’साठी (१९८०) सॉल बासने आराखड्यांमागून आराखडे पाठवले आणि क्यूब्रिक त्यांवर शेरे मारत राहिला : भुलभुलैयावर भर जास्त होतोय, नाव लहान आकारात वाईट दिसतं, वगैरे. अखेर जे झालं ते पिवळंजर्द आहे. शीर्षकाच्या अक्षरांच्या पोटात ठिपक्यांनी बनलेला एक विकृत, घाबरलेला चेहरा. ‘रोझमेरीज बेबी’चं (१९६८) पोस्टर हिरवं आहे. वूचच्या त्याच पोलान्स्कीचा हा चित्रपट. पोस्टर स्टीफन फ्रँकफर्ट आणि फिलिप गिप्स यांच्या चमूचं. आडव्या पडलेल्या बाईच्या चेहऱ्याची एक बाजू पार्श्वभूमीभर पसरलेली आणि तिच्यापुढे खडकावर एकटी बाबागाडी, छायाकृतीत. त्या आजारी हिरव्या रंगात जे भय आहे ते काळ्यात उतरलं नसतं. महोत्सवाच्या फलकावर वीस काळ्या पोस्टरांमध्ये एकविसावं काळं लावलं तर ते दिसतही नाही, हा आणखी साधा मुद्दा.

तरीही काळंच करायचं असेल तर छपाईचं गणित समजून घ्या. स्क्रीनवर काळा म्हणजे प्रकाश नसणं, कागदावर काळा म्हणजे शाई असणं. नुसती काळी शाई शंभर टक्के दिली तरी मोठ्या भागावर ती धुरकट करडी वाटते. म्हणून तिच्याखाली इतर रंग घालतात. सायन ६०, मजेंटा ४०, यलो ४० आणि ब्लॅक १०० हे एक नेहमीचं प्रमाण. चारही रंग शंभर-शंभर टाकले तर शाई वाळत नाही आणि पाठीमागच्या कागदाला चिकटते. बारीक पांढरी अक्षरं अशा काळ्यात टाकलीत तर छापताना रंग एकमेकांवरून केसभर जरी सरकले तरी अक्षरांच्या कडा रंगीत होऊन मिटतात. आणि सावलीतले सूक्ष्म तपशील, म्हणजे कोपऱ्यात उभी असलेली ती अस्पष्ट आकृती जिच्यावर तुम्ही चार तास घालवले, ती डिजिटल प्रिंटमध्ये बहुधा संपूर्ण बुडते. एक ए-४ प्रिंट काढून ट्यूबलाइटखाली पाहिल्याशिवाय मोठी ऑर्डर देऊ नका.

मोबाइलवर तर वेगळीच गंमत होते. उन्हात धरलेल्या फोनवर काळं पोस्टर उघडलं की पाहणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो.

रंग एकच ठेवला तर तो बोलतो. ‘शिंडलर्स लिस्ट’च्या (१९९३) पोस्टरवर मोठ्या माणसाच्या हातात लहान मुलीचा हात आहे आणि तिची बाही तेवढी लाल. कृष्णधवल चित्रपटातली ती लाल कोटातली मुलगी ज्याने पाहिली आहे त्याला आणखी काही सांगावं लागत नाही.

नाव, पानं आणि फास

अक्षरांच्या बाबतीत मराठी माणसाला पोलंडला जायची गरज नाही. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षकं वर्षानुवर्षं हाताने रेखली आणि वर्तमानपत्रातल्या काळ्या-पांढऱ्या जाहिरातीत, दोन-तीन इंच जागेत, नाटकाचा स्वभाव नुसत्या अक्षरांतून उभा केला. देवनागरीला शिरोरेषा आहे, वर-खाली मात्रा-उकार आहेत, जोडाक्षरं आहेत. रोमन अक्षरांपेक्षा तिच्यात वाकवायला, तोडायला, लोंबकळवायला जास्त जागा आहेत. पण बंधन एक : चित्र अभिनय करत असेल तर अक्षरांनी गप्प राहावं, आणि अक्षरं अभिनय करणार असतील तर चित्र जवळपास नकोच. दोघंही ओरडू लागले की काहीच ऐकू येत नाही. रक्त ठिबकणारी अक्षरं तर आता फक्त विडंबनालाच शोभतात. गप्प राहणारं देवनागरी हवं असेल तर मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्ता’ हा फॉन्ट मोफत मिळतो आणि लहान आकारातही वाचता येतो. ओळींमधलं अंतर मात्र रोमनपेक्षा सैल ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.

तळाशी दाटीवाटीने नावं छापायची पद्धत हॉलिवुडच्या करारांतून आली. लेखक, दिग्दर्शक, संकलक आणि निर्माता एकच असेल तर त्याचं नाव चार वेळा छापण्यात काय हशील? महोत्सवांच्या निवडीची ती पानांची तुरेदार चिन्हंही आवरती घ्या. महत्त्वाची दोन पुरे. नऊ-नऊ तुरे लावलेलं पोस्टर पाहून फिल्मबद्दल कुतूहल वाटत नाही, दिग्दर्शकाच्या अर्ज भरण्याच्या चिकाटीबद्दल आदर वाटतो.

एका प्रतीकाबद्दल मात्र थट्टा नको. शेतकरी आत्महत्या, परीक्षेचा ताण, रॅगिंग यांवरच्या विद्यार्थी-फिल्मांच्या पोस्टरांवर गळफास वारंवार दिसतो : नांगराचा फास, पेनाच्या रेषेचा फास, शिरोरेषेतून लोंबणारा फास. करणाऱ्याला आपण दोन गोष्टी एका आकारात आणल्याचा आनंद होतो. जागतिक आरोग्य संघटनेने चित्रपट आणि रंगभूमीवर काम करणाऱ्यांसाठी २०१९ मध्ये मार्गदर्शिका काढली आहे. आत्महत्येची पद्धत तपशिलाने दाखवू नये, असा तिचा आग्रह आहे, कारण खचलेल्या माणसावर त्याचा परिणाम होऊ शकतो. फिल्म पाहायची की नाही हे प्रेक्षक ठरवतो, पोस्टर मात्र कॉलेजच्या जिन्यात सगळ्यांसमोर येतं, त्या दिवशी जो खचलेला आहे त्याच्याही. आणि निव्वळ कारागिरीच्या बाजूने पाहिलं तरी फास हे उसनंच चिन्ह आहे. कर्जबाजारी शेतकऱ्याच्या फिल्ममध्ये सात-बारा असतो, बँकेचं पासबुक असतं, आटलेल्या विहिरीवरचा रहाट असतो, मुलीच्या लग्नाची न वाटलेली पत्रिका असते. यांतून काही सुचत नसेल तर दोष प्रतीकांचा नाही.

करून झालं की दोन परीक्षा घ्या. पोस्टर अंगठ्याच्या नखाएवढं करून पाहा. महोत्सवाच्या वेबसाइटवर ते जवळपास तेवढंच दिसणार आहे. आकार ओळखू येत नसेल तर तपशील कमी करा, नाव मोठं करून भागत नाही. आणि फिल्म न पाहिलेल्या एखाद्याला दाखवून विचारा, ‘हे कशाबद्दल असेल?’ त्याने संपूर्ण गोष्ट बरोबर सांगितली तर तुम्ही जास्त बोललात. त्याला काहीच सांगता आलं नाही तर कमी बोललात. त्याने चुकीचं पण अस्वस्थ करणारं काही सांगितलं तर प्रिंटला पाठवा.

राहता राहिली एक व्यावहारिक गोष्ट. पोस्टर अखेरच्या रात्री होतं म्हणून ते फ्रेम उचलून करावं लागतं, आणि फिल्मची फ्रेम आडवी असते, पोस्टर उभं. कडेने कापायला गेलं की अर्धा आशय जातो. तोपर्यंत सेट मोडलेला असतो, बोल्ट हार्डवेअरवाल्याला परत गेलेला असतो, लाइटचं भाडं थांबलेलं असतं. म्हणून पोस्टरची कल्पना पटकथेसोबतच कागदावर रेखाटा आणि शूटिंगच्या वेळापत्रकात, जेवणाच्या सुट्टीआधी, अर्धा तास पोस्टरच्या उभ्या फोटोसाठी लिहून ठेवा. असिस्टंट डिरेक्टर तो अर्धा तास खोडायला येईल. खोडू देऊ नका.